जीपीएस ट्रॅकर ‘ऑफलाइन’ दिसतो तेव्हा नेमके काय तपासावे?

न्हावा शेवा बंदरातून पुणे, नाशिक आणि नागपूरकडे कंटेनर नेणाऱ्या एका वाहतूक व्यावसायिकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ट्रेलरांवर जीपीएस ट्रॅकर आहेत आणि काही कंटेनरांच्या दारांवर बॅटरीवर चालणारे वेगळे ट्रॅकर आहेत. काही गाड्या रोज तासन्‌तास ‘ऑफलाइन’ दिसतात, उभ्या गाड्यांचे किलोमीटर वाढत राहतात आणि कंटेनर बंदरात शिरला की त्याचा ठावठिकाणा लागत नाही. पुरवठादाराचे म्हणणे आहे की यंत्रे जुनी झाली असून सगळी बदलावी लागतील. ती खरोखरच बदलावीत का?

माझे उत्तर असे की, आज तरी बदलू नका. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे वेगवेगळ्या कारणांची आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक कारणे यंत्राच्या बाहेरची असतात. वायरिंगचा दोष असलेल्या गाडीत नवे यंत्र बसवले, तर तेही थोड्याच दिवसांत ‘ऑफलाइन’ दिसू लागेल आणि खर्च मात्र दोनदा होईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. उपग्रहाला आपली गाडी दिसत नसते. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ वेळेचे आणि स्वतःच्या कक्षेचे संकेत पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ट्रॅकर स्वतःचे स्थान स्वतः काढतो आणि ते मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरला कळवतो. म्हणजे गाडीचा वीजपुरवठा, उपग्रहांचा संकेत, मोबाइलचा संपर्क आणि सर्व्हरवरील नोंद या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. त्यांपैकी एक तुटली तरी पडद्यावर तोच लाल ठिपका दिसतो. म्हणून गाडीला हात लावण्यापूर्वी पुरवठादाराकडून त्या यंत्राच्या मूळ नोंदी मागवाव्यात. नकाशा आणि रंगीत अहवाल या कामी पुरेसे पडत नाहीत. यंत्राची वेळ, सर्व्हरला संदेश पोहोचल्याची वेळ, स्थान वैध आहे की नाही याची खूण, उपग्रहांची संख्या, गाडीच्या बॅटरीचा दाब (व्होल्टेज), यंत्रातील लहान बॅटरीचा दाब, इग्निशनची स्थिती आणि मोबाइल संकेताची पातळी हे सगळे ज्यात आहे, अशी यादी हवी. ही माहिती देण्यास पुरवठादार टाळाटाळ करत असेल, तर मी ती गंभीर बाब समजेन, कारण या नोंदींवाचून केलेले निदान हा अंदाजच असतो.

संपर्क तुटण्यापूर्वीचे शेवटचे दहा-वीस संदेश पाहिले की बराचसा उलगडा होतो. गाडीच्या बॅटरीचा दाब एकदम शून्यावर आला, यंत्रातील बॅटरी हळूहळू उतरत गेली आणि मग संदेश थांबले, तर दोष वीजपुरवठ्यात आहे. दाब उत्तम, उपग्रह पुरेसे, तरीही संदेश अचानक थांबले आणि काही तासांनी जुन्या वेळांचे संदेश एकगठ्ठा आले, तर मोबाइल संपर्क गेला होता. संदेश वेळेवर येत आहेत पण स्थान बदलत नाही आणि उपग्रहांची संख्या शून्य ते तीनच्या दरम्यान आहे, तर ॲन्टेनाकडे पाहावे लागेल. यंत्राचा दिवा सुरळीत चालू आहे, सिममधील डेटाही खर्च होत आहे, पण सर्व्हरवर काहीच नाही, तर सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (सर्व्हरवरील जोडणीचा क्रमांक) किंवा आयएमईआय, म्हणजे यंत्राच्या ओळख क्रमांकाची नोंद चुकलेली असते.

ट्रेलरांच्या बाबतीत माझा पहिला संशय नेहमी वीजपुरवठ्यावर असतो. जड वाहनांत २४ व्होल्टची यंत्रणा असते आणि इंजिन चालू असताना दाब साधारण २७ ते २८ व्होल्टपर्यंत जातो. यातील बऱ्याच गाड्यांना बॅटरी कटऑफ स्विच असतो आणि रात्री गाडी लावताना चालक तो बंद करतात. त्यांचे तसे करणे योग्यही आहे. ट्रॅकरची वायर त्या स्विचच्या पुढून घेतली असेल, तर स्विच बंद होताच ट्रॅकर आतल्या बॅटरीवर येतो आणि ती कमजोर असेल तर लगेच मरतो. एखादी गाडी रोज रात्री जाते आणि पहाटे निघताना परत दिसते असा नेम असेल, तर हेच कारण धरून चालावे. उपाय म्हणजे मुख्य वायर फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घेणे आणि इग्निशनची वायर मात्र किल्लीच्या खऱ्या ओळीवर जोडणे. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी असलेल्या एआयएस १४० मानकाप्रमाणे आतली बॅटरी किमान ४ तास चालली पाहिजे. आपल्या मालवाहू गाड्यांसाठीही हाच मापदंड ठेवावा, म्हणजे २० मिनिटांत मान टाकणारी बॅटरी बदलायची हे आपोआप ठरते.

यानंतर अर्थिंग. रंग न खरवडता चेसिसच्या बोल्टखाली दाबलेली अर्थिंगची वायर सुरुवातीला काम करते, मग गंज चढतो आणि सेल्फ मारताना ट्रॅकर बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागतो. मल्टिमीटर बॅटरीवर लावून २५ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये. ट्रॅकरच्या कनेक्टरवर, यंत्र चालू असताना आणि कोणी सेल्फ मारत असताना मोजावे. ट्रॅकरची ऋण वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात त्या क्षणी अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंग नव्याने करावी. पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड कोकणातल्या पावसाळ्यात टिकत नाहीत. तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि खड्ड्यातून गाडी गेली की संपर्क जातो-येतो. झाळलेला जोड, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी आणि वायरला आधार देणारा पट्टा एवढे केले की या तक्रारी फार कमी होतात.

ट्रेलरांसाठी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. ट्विस्ट लॉक (कंटेनर ट्रेलरवर घट्ट धरणारी कळ) किंवा चेसिसचा आडवा बार तुटला की गॅरेजमध्ये तो गाडीवरच वेल्डिंग करून जोडतात आणि त्या वेळी ट्रॅकर जोडलेलाच राहतो. वेल्डिंगचा प्रवाह चेसिसमधून वाट काढताना यंत्रातून गेला, तर आतला वीजपुरवठ्याचा भाग जळतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची टोके आणि ट्रॅकरचा कनेक्टर काढायचा, ही सूचना प्रत्येक चालकाला आणि नेहमीच्या गॅरेजला लेखी द्यावी. ‘यंत्रे खराब निघाली’ या तक्रारींतील काही यंत्रे वेल्डिंगच्या दिवसापासून बंद असल्याचे नोंदींवरून दिसून येते.

उपग्रहांचा संकेत अतिशय क्षीण असतो आणि पत्र्याखालून तो येत नाही. ट्रॅकर डॅशबोर्डच्या आत धातूच्या पट्टीखाली बसवलेला असेल, उलटा बसवला असेल किंवा त्यावर एसीचा नळ आला असेल, तर उपग्रहांची संख्या कमी राहते. संख्येपेक्षाही प्रत्येक उपग्रहाच्या संकेताची ताकद अधिक बोलकी असते. मोकळ्या आकाशाखाली ती ४० डेसिबल-हर्ट्झच्या आसपास किंवा वर असावी. सगळेच उपग्रह ३० च्या खाली असतील, तर ॲन्टेनाची जागा चुकली आहे. तपासणीसाठी गाडी मोकळ्या मैदानात किमान १५ मिनिटे उभी करावी. उपग्रहाकडून त्याच्या कक्षेची माहिती मिळण्यास सुमारे ३० सेकंद लागतात, तर सर्व उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. महिनोन्‌महिने बंद असलेल्या यंत्राला शेडमध्ये दोन मिनिटे चालू करून ‘याला जीपीएस मिळत नाही’ असा शेरा देणे अन्यायाचे आहे. तसेच समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील भाताण आणि माडपचे बोगदे येथे स्थान गोठणारच. त्या पट्ट्यातील खंड तक्रारीतून वगळावा.

जॅमरचा, म्हणजे उपग्रहांचा संकेत मुद्दाम दडपणाऱ्या यंत्राचा, संशय मात्र जपून घ्यावा. पुलाखाली किंवा उंच इमारतींमध्ये संकेत एकेका दिशेने कमी होतो. जॅमर लावला की दहा-बारा उपग्रह एक-दोन सेकंदांत सगळेच नाहीसे होतात, मागोमाग येणाऱ्या आपल्याच दुसऱ्या गाडीचे स्थान मात्र उत्तम असते आणि हा प्रकार ठरावीक ठिकाणीच पुन्हा पुन्हा घडतो. सरकारी परवानगीशिवाय जॅमर वापरणे भारतात बेकायदा आहे, पण ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्याशिवाय चालकावर ठपका ठेवू नये. सैल झालेल्या ॲन्टेनाची नोंदही वरवर पाहता तशीच दिसते आणि त्यापायी निर्दोष चालकाची नोकरी जाऊ शकते.

आता तारखेचा घोळ. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्याचा क्रमांक १०२३ पर्यंतच मोजला जातो आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये असे घडले आहे. पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ ची. परंतु ट्रॅकरमधील जीपीएस चिपच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या आज्ञावलीत) हा हिशेब सांभाळण्यासाठी स्वतःची एक मुदत ठरवलेली असते आणि ती मुदत चिपनुसार बदलते. ती उलटली की अक्षांश-रेखांश अगदी बरोबर येतात, मात्र तारीख साडेएकोणीस वर्षांहून अधिक मागे जाते. सर्व्हर तो संदेश जुना समजून बाजूला ठेवतो आणि गाडी ‘ऑफलाइन’ दिसते. एकाच मॉडेलची अनेक यंत्रे एकाच आठवड्यात गेली असतील, तर हे आधी पाहावे. निर्माता नवे फर्मवेअर देत असेल तर प्रश्न सुटतो. देत नसेल तर ते मॉडेल बदलण्याला पर्याय नाही. अहवालातील वेळ नेमकी साडेपाच तासांनी पुढे-मागे असेल, तर तो दोष यंत्राचा नसून प्रमाणवेळेच्या मांडणीचा आहे: यंत्राने भारतीय वेळ पाठवली आणि सर्व्हरने त्यात आणखी साडेपाच तास मिळवले, किंवा कोणीच मिळवले नाहीत.

मोबाइल संपर्काच्या बाजूने सिमची वैधता, डेटा आणि एपीएन (डेटासाठी यंत्रात भरावे लागणारे नेटवर्कचे नाव) हे आधी पाहावे. यंत्रांसाठीची सिम १३ अंकी क्रमांकाची असतात आणि त्यांचा एपीएन साध्या सिमपेक्षा वेगळा असू शकतो; घाईत साधे सिम घातले आणि एपीएन जुनाच राहिला, तर यंत्राला नेटवर्क मिळते पण डेटा चालत नाही. केवळ २जी चालणाऱ्या यंत्रात जिओचे सिम चालणार नाही, कारण त्या कंपनीचे २जी नेटवर्कच नाही. ताम्हिणी किंवा माळशेज घाटात संपर्क तुटणे स्वाभाविक आहे, पण त्या काळातील स्थाने यंत्राच्या स्मृतीत साठून नंतर सर्व्हरवर आली पाहिजेत. ती येत नसतील तर साठवणीची सोय बंद ठेवलेली असते. आणखी एक लक्षण असे की, एसएमएसने यंत्र पुन्हा सुरू केले की प्रत्येक वेळी ते ठीक होते. येथे बहुधा नेटवर्कने मधली जोडणी मुकाट्याने तोडलेली असते आणि ती चालूच आहे अशा समजुतीत यंत्र राहते. हजेरीच्या छोट्या संदेशांमधील अंतर कमी करावे आणि सर्व्हरकडून पोच न आल्यास यंत्राने जोडणी नव्याने करावी, अशी मांडणी पुरवठादाराकडून करून घ्यावी.

उभ्या गाडीचे किलोमीटर वाढण्याचे कारण साधे आहे. उभ्या गाडीचे स्थानही काही मीटर इकडेतिकडे सरकत राहते आणि कंटेनरांच्या उंच थप्प्यांमध्ये संकेत पत्र्यावरून परावर्तित होत असल्याने ते आणखी भटकते. सर्व्हर त्या प्रत्येक सरकण्याची बेरीज करतो. इग्निशन बंद असताना स्थान गोठवणे आणि अगदी कमी वेगाच्या, कमी उपग्रहांच्या नोंदी अंतरातून वगळणे, हा त्यावरचा उपाय होय. इग्निशनची वायर चुकीच्या ओळीवर असेल, तर नोंदी वगळणारी ही गाळणीही निरुपयोगी ठरते. उलट, संदेश दर मिनिटाला एक असा ठेवला तर घाटातील वळणे सरळ रेषेने कापली जातात आणि किलोमीटर कमी भरतात. त्यासाठी दिशा बदलताच नोंद पाठवण्याची सोय चालू करावी. गाडीच्या मीटरशी दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मी दोष मानत नाही.

कंटेनरांचा प्रश्न मुळात वेगळा आहे आणि तो ट्रेलरच्या मापाने मोजल्यामुळेच निम्म्याहून अधिक गैरसमज होतात. कंटेनर म्हणजे पोलादाची बंद पेटी. आत ठेवलेल्या ट्रॅकरला ना उपग्रह मिळतो, ना मोबाइलचा टॉवर. म्हणून यंत्र दाराबाहेर, पत्र्याच्या पन्हळीच्या खोलगट भागात बसवतात, म्हणजे शेजारचा कंटेनर त्यावर घासत नाही. तरीही यार्डात चार-पाच थरांच्या थप्पीत दारासमोर दुसरा कंटेनर आला, की आकाश दिसेनासे होते. जहाजात डेकखाली, पोलादी झाकणांच्या आत, तेच होते. आणि किनारा दूर गेला की मोबाइल नेटवर्कही संपते. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे असतात, पण त्यांनाही मोकळे आकाश लागते. त्यामुळे बंदरात शिरल्यानंतर कंटेनर गप्प होणे हा बहुतेक वेळा दोष नसतो. रस्त्यावर, रेल्वेवर, यार्डात आणि जहाजावर किती तासांचे किंवा दिवसांचे मौन अपेक्षित आहे, हे प्रत्येक टप्प्यासाठी ठरवावे आणि त्यापलीकडे गेल्यावरच सूचना यावी. मधल्या काळासाठी लॉजिस्टिक्स डेटा बँकेची नोंद उपयोगी पडते. न्हावा शेवा येथे २०१६ पासून सुरू झालेली ही व्यवस्था आरएफआयडी टॅगवर (रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या खुणेच्या चिठ्ठीवर) चालते, म्हणजे कंटेनर वाचकयंत्रासमोरून गेला तेवढ्यापुरतीच वेळ आणि जागा नोंदते. ती जीपीएसची जागा घेत नाही, पण कंटेनर गेटमधून आत आला की बाहेर गेला एवढे तरी खात्रीने कळते.

अलीकडच्या वर्षांत लाल समुद्र, पर्शियन आखात आणि पूर्व भूमध्य समुद्रात जीपीएस संकेतांत हस्तक्षेप होत असल्याच्या नोंदी सातत्याने येत आहेत. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळील जहाजांना आपण किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर आहोत असे दिसले होते. अशा भागांतून जाणारा कंटेनर अचानक जमिनीवर, दूर कुठेतरी दिसला, तर आधी जहाजाचे वेळापत्रक आणि शेजारच्या कंटेनरांच्या नोंदी पाहाव्यात.

कंटेनर ट्रॅकरच्या बॅटरीबद्दल फार गैरसमज आहेत. यात बहुधा लिथियम थायोनिल क्लोराइडचे ३.६ व्होल्टचे, पुन्हा चार्ज न होणारे सेल असतात. त्यांचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत स्थिर राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे दाबावरून काढलेली टक्केवारी भरवशाची नसते. ८० टक्के दाखवणारे यंत्र पुढच्या आठवड्यात बंद पडू शकते. किती संदेश पाठवले आणि नेटवर्क शोधण्यात किती वेळ गेला याची मोजदाद ठेवणे हाच खरा मार्ग आहे. दिवसाला एक संदेश आणि दर १५ मिनिटांना एक संदेश यांत ९६ पटींचा फरक आहे. त्याहून मोठा चोर म्हणजे कमकुवत नेटवर्कमध्ये यंत्राने चालवलेला शोध. प्रत्येक प्रयत्नाला दोन-तीन मिनिटांची मर्यादा घालावी. जहाजाच्या कंपनामुळे आणि हेलकाव्यांमुळे हालचालीचा सेन्सर सतत जागा राहतो, यंत्र स्वतःला ‘प्रवासात’ समजते आणि समुद्रातच बॅटरी संपवते. म्हणून सेन्सरची संवेदनशीलता जहाजी प्रवासासाठी वेगळी ठेवून घ्यावी. बरेच दिवस पडून राहिलेल्या अशा सेलवर आत एक थर चढतो आणि पहिल्या जोराच्या वापरात दाब खाली बसतो. साध्या मल्टिमीटरने मोकळ्या सेलचा दाब पाहिला तर तो उत्तमच दिसतो, म्हणून भार देऊनच तपासावे.

कधी कधी यंत्र उत्तम असते, पण ते नोंदीत दुसऱ्याच कंटेनरच्या नावावर असते. कंटेनर क्रमांकात चार अक्षरे, सहा अंक आणि एक तपासणी अंक असतो. उदाहरणार्थ, सीएसक्यूयू ३०५४३८ या क्रमांकाचा तपासणी अंक ३ येतो. लिहिताना ५ आणि ४ ची अदलाबदल होऊन तो ३०४५३८ झाला, तर तपासणी अंक १ यायला हवा आणि चूक तिथेच पकडली जाते. यंत्र लावताना हा क्रमांक हाताने टंकित होत असेल, तर संगणकाने तपासणी अंक जुळवल्याशिवाय नोंद स्वीकारू नये आणि सोबत कंटेनरच्या दाराचे, यंत्रासह छायाचित्र घेण्याचा नियम असावा.

एवढे करूनही एखाद्या ट्रेलरबद्दल शंका उरली, तर अदलाबदलीची चाचणी करावी. संशयित यंत्र सुरळीत चालणाऱ्या गाडीत आणि तिथले चांगले यंत्र संशयित गाडीत बसवावे, सिमही त्या-त्या यंत्रातच राहू द्यावे आणि दोन्ही गाड्या नेहमीच्या मार्गावर आठवडाभर चालवाव्यात. दोष गाडीपाशी राहिला तर वायरिंगचे काम निघते. दोष यंत्राबरोबर गेला तर पुढच्या फेरीत फक्त सिम बदलावे. त्यानंतरही तो टिकला, आत पाणी शिरल्याच्या खुणा दिसल्या किंवा आतली बॅटरी फुगलेली आढळली, तर ते यंत्र वापरातून काढून आयएमईआय क्रमांक, चाचणीच्या तारखा आणि मूळ नोंदींसह पुरवठादाराकडे वॉरंटीखाली पाठवावे. फुगलेली बॅटरी मात्र गाडीत एक दिवसही ठेवू नये आणि ती टोचू किंवा दाबू नये.